परसबागेची नोंदवही

किराण्याचा हिशेब बहुतेक घरांत लिहिला जातो. दुधाचा रतीब कॅलेंडरावर मांडला जातो. कोणास किती उसने दिले, हेही कोठे तरी टिपलेले असते. परंतु ज्या परसातून रोजची भाजी येते, देवळाला किंवा प्रार्थनामंदिराला फुले जातात आणि मुलांना फळे मिळतात, त्या परसाचा हिशेब लिहून ठेवणारे घर क्वचितच आढळते. असे का व्हावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. झाड लावणे हे श्रमाचे काम असून त्याची नोंद करणे हे रिकामटेकड्याचे काम होय, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती समजूत बरोबर नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत. आणि नोंद कशी ठेवावी, हेही आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या वडीलमंडळींच्या उपयोगासाठी सांगणार आहोत.

प्रथम स्मरणशक्तीचा विचार करू. आपल्या अंगणातील लिंबू कोणत्या वर्षी लावले, असे घरात विचारून पाहावे. वडील एक साल सांगतील, आई दुसरे सांगेल आणि आजी म्हणेल, "धाकटीच्या लग्नाच्या आधी लावलं, एवढं नक्की." वांग्याचे बी कोठून आणले? "बाजारातून असेल." गेल्या वर्षी भेंडी का गेली? "रोग पडला." कोणता रोग, कोणत्या महिन्यात, रोप किती मोठे असताना, याचे उत्तर कोणापाशीच नसते. स्मरणशक्तीचा आणखी एक स्वभाव असा की, ती यश जपून ठेवते व अपयश विसरते. ज्या वर्षी दोडक्याच्या वेलाने मांडव मोडेपर्यंत फळ दिले, ते वर्ष सर्वांस आठवते. ज्या तीन वर्षी वेल फुलावर येऊन वाळला, ती वर्षे कोणासच आठवत नाहीत. परिणामी तीच चूक त्याच वाफ्यात पुनःपुन्हा होत राहते, आणि आपण नशिबास दोष देतो.

मोठमोठ्या बागांच्या इतिहासात नोंदीला केवढे स्थान आहे, हे पाहिले म्हणजे आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली छापणारे विल्यम केरी यांचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक असेल. हे गृहस्थ बंगालमध्ये श्रीरामपूर येथे राहत. भाषांचा जसा त्यांना नाद होता, तसाच झाडांचाही होता. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचे प्रमुख डॉ. विल्यम रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. रॉक्सबर्ग यांनी त्या उद्यानातील झाडांची जी यादी केली होती, ती केरी यांनी १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून प्रसिद्ध केली. त्या पुस्तकाचे पान उघडले की रकानेच रकाने दिसतात: झाडाचे शास्त्रीय नाव, देशी नाव, मूळ ठिकाण, ते बागेत कोणी व केव्हा आणले, फूल केव्हा येते आणि बी केव्हा पिकते. पुस्तकात वर्णनाचा फुलोरा नाही. पण दोनशे वर्षे लोटल्यावरही कोणते झाड कोणाच्या हातून त्या बागेत आले, हे आज सांगता येते. आपल्या मुंबई इलाख्यातही जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई व आसपासच्या झाडांची अशीच एक यादी केली. ती १८३९ साली प्रसिद्ध झाली आणि पुढील अभ्यासकांस पायाभूत ठरली.

हे झाले मोठ्या उद्यानांचे. परंतु घरच्या बागेचेही उदाहरण आहे. इंग्लंडातील सेलबर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री राहत असत. त्यांनी १७५१ साली आपल्या बागेची दिनवही लिहावयास आरंभ केला. आज काकडीचे बी पेरले, आज खरबुजाच्या वाफ्याला ऊब कमी पडली, आज पाऊस झाला, अशा साध्या टिपणांची ती वही. पुढे या सवयीतूनच त्यांनी निसर्गाच्या दैनिक नोंदी ठेवल्या, त्या १७९३ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत. १७८३ च्या उन्हाळ्यात आइसलँड बेटावर ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला आणि त्याचे धुके युरोपभर पसरले. व्हाइट यांना त्या धुक्याचे कारण ठाऊक नव्हते. तरी त्यांनी ते दिवस जसे दिसले तसे लिहून ठेवले, म्हणून आजचे शास्त्रज्ञ त्या नोंदींकडे वळतात. लिहिणाऱ्यास आपल्या टिपणाचे मोल लिहिताना कळत नसते, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या वाशीकडे येऊ. आपला मुलूख बालाघाटाच्या पठारावरचा. तेरणेचा उगम आपल्याच तालुक्यात तेरखेड्यानजीक होतो. पण नदीचा उगम जवळ असणे आणि पाणी हाताशी असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. उगमाकडच्या उंच भूमीवरून पाणी खाली वाहून जाते, ते साठून राहत नाही. पाऊस मृगात येईल असे पंचांग सांगते. तो कधी येतो, कधी आर्द्रेपर्यंत वाट पाहावयास लावतो आणि कधी येऊन पुन्हा महिनाभर तोंड दाखवीत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तर त्यांच्या आईवडिलांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे.

अशा उन्हाळ्यात परसबागेपुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. घरात पिण्यास व वापरण्यास लागणारे पाणी काढून दिवसाकाठी दोनच बादल्या उरल्या आणि झाडे आहेत दहा. तर कोणास पाणी द्यावे व कोणास मरू द्यावे? ज्या घरी नोंद नाही, तेथे जे झाड दाराजवळ आहे किंवा ज्याची पाने अधिक केविलवाणी दिसतात, त्याला पाणी मिळते. ज्या घरी नोंद आहे, तेथे वही उघडून पाहता येते की, पपईने गेल्या वैशाखात किती बादल्या मागितल्या आणि सीताफळाने किती. शेवग्याला पाणी नसतानाही पालवी केव्हा फुटली. आणि कोणते झाड पुरते वाळल्यासारखे दिसूनही पहिल्या पावसाने सावरले. सीताफळ उन्हाळ्यात पाने गाळते. ते मेले असे समजून उपटून टाकणारे लोक आहेत. मिरची, भेंडी, गवार ही पावसाबरोबर पुन्हा पेरता येतात. पण आठ वर्षांचा आंबा गेला, तर तो पुन्हा मिळण्यास आठ वर्षेच लागतात. तात्पर्य, आपल्या भागात बागेची नोंद म्हणजे पाण्याची नोंद होय, आणि पाण्याची नोंद म्हणजे झाडाच्या जगण्यामरण्याचा निवाडा होय.

नोंद कशी ठेवावी, हे आता क्रमाने सांगतो. यासाठी शंभर पानांची साधी वही, एक पेन्सिल आणि एक मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. शाईपेक्षा पेन्सिल बरी. ओल्या हातांनी शाई पसरते, शिशाची रेघ पुष्कळ दिवस टिकते. झाडाजवळ चिठ्ठी लावावयाची असेल, तर जुन्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून तिच्यावर खिळ्याने क्रमांक कोरावा. कागदाची चिठ्ठी एका पावसाची सोबती असते. पत्रा कापण्याचे काम मात्र वडीलमाणसाने करावे.

वहीच्या पहिल्या पानावर परसाचा नकाशा काढावा. उत्तर दिशा वर धरावी. विहीर किंवा नळ, न्हाणी, गोठा, कुंपण व घराची सावली कोणत्या बाजूस पडते, हे दाखवावे. अंतर पावलांनी मोजले तरी चालेल. मात्र सर्व पावले एकाच माणसाची असावीत. प्रत्येक मोठ्या झाडाला क्रमांक द्यावा आणि प्रत्येक वाफ्याला अक्षर द्यावे. पुढे प्रत्येक झाडासाठी एक पान आणि प्रत्येक वाफ्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत. झाडाच्या पानावर सर्वांत वर या गोष्टी लिहाव्यात: नाव, जात ठाऊक असल्यास जात, रोप बियांचे की कलमाचे, कोठून व कोणाकडून मिळाले, लावल्याची तारीख, खड्ड्यात काय भरले. नमुन्यादाखल एक पान असे असू शकेल:

"झाड क्रमांक ४. कागदी लिंबू. बियांचे रोप, मावशीच्या घरचे. १२ जुलैस लावले. खड्ड्यात दोन टोपल्या शेणखत. न्हाणीच्या भिंतीपासून सहा पावले.
२० ऑगस्ट: नवी पालवी. पाने खाल्लेली, काळसर, पांढऱ्या डागांची अळी सापडली, हाताने वेचली.
१० फेब्रुवारी: आळ्यात पालापाचोळा पसरला.
५ एप्रिल: चार दिवसांनी एक बादली पाणी. पाने ताठ.
२ मे: पाणी सहाव्या दिवशी दिले. दुपारी पाने मिटली, संध्याकाळी पूर्ववत्."

एवढ्या पाच ओळींतून पुढील उन्हाळ्यासाठी केवढे ज्ञान हाती आले, ते पाहा! या लिंबास मे महिन्यात पाच दिवसांहून अधिक उपाशी ठेवू नये, ही गोष्ट त्या घरापुरती सिद्ध झाली. शेजारच्या लिंबाच्या आळ्यात पालापाचोळा न घालता दोन्ही झाडांस सारखेच पाणी दिले आणि कोणाची पाने आधी मिटतात हे लिहून ठेवले, तर तो एक लहानसा शास्त्रीय प्रयोगच झाला. प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या नळ्याच असल्या पाहिजेत, असे नव्हे.

पावसाचीही नोंद ठेवावी. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एखादा डबा झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. सरकारी हवामान खातेही पावसाचा दिवस सकाळी साडेआठलाच संपला असे धरते. मग डबा रिता करून पुन्हा ठेवावा. आता एक सोपे गणित पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडले. आपल्या घराचे पत्र्याचे छप्पर वीस चौरस मीटर असेल आणि एका रात्रीत पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर पाचशे लिटर पाणी पडले. थोडे उडून, सांडून गेले असे धरले तरी दोनशे लिटरांची दोन पिंपे सहज भरतील. अंकगणिताच्या तासास कंटाळणारा विद्यार्थी हे उदाहरण कंटाळ्याने सोडविणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

वाफ्यांच्या पानांचा उपयोग निराळा आहे. वांगे, टोमॅटो, मिरची व बटाटा ही दिसावयास भिन्न असली, तरी एकाच कुळातील आहेत. त्यांच्या मुळांस लागणारे पुष्कळ रोग व मुळांवर गाठी आणणारे सूक्ष्म कृमी समान आहेत. म्हणून ज्या वाफ्यात यंदा वांगी होती, त्यात पुढील वर्षी मिरची लावणे म्हणजे रोगाला घरचे आमंत्रण देणे होय. तेथे गवार, चवळी, मेथी किंवा कांदा घ्यावा. परंतु गेल्या वर्षी 'क' वाफ्यात काय होते, हे लिहिलेले नसेल तर फेरपालट करावी कशी? भेंडीचेही तसेच. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, त्यास शेतकरी केवडा म्हणतात. हा रोग पांढरी माशी पसरविते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने या रोगास तोंड देणारी 'परभणी क्रांती' नावाची भेंडीची जात तयार केली. आता आपण पेरलेले बी त्या जातीचे होते की दुसऱ्या, याची नोंद नसेल, तर रोग आला काय किंवा न आला काय, त्यावरून काहीच शिकता येत नाही. बियांच्या पुडीचा कागद फेकू नये. तो वहीत डकवावा.

येथे कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, झाडाचे छायाचित्र काढले की काम झाले. छायाचित्र अवश्य काढावे. त्यात पानावरील डाग दिसतो, खोडाची जाडी दिसते, तारीखही आपोआप नोंदली जाते. पण बी कोणी दिले, पाणी किती घातले, फळ गोड होते की आंबट, हे छायाचित्रात दिसत नाही. शिवाय फोन बदलतो आणि चित्रे हरवतात. वही मात्र फडताळात राहते.

बी कोणी दिले, हा रकाना आम्ही मुद्दाम आग्रहाने सांगतो. आपल्या घरांतील पुष्कळसे बी बाजारातले नसून माहेरचे असते. आजीने लग्नानंतर पदराच्या गाठीत बांधून आणलेले वाल, राखेत घोळून मडक्यात जपलेले वांग्याचे बी, शेजारणीने दिलेली कारल्याची बी, यांस दुकानी नाव नाही. ते कोणत्या नक्षत्रात पेरावे, त्यातील कोणते फळ बियांसाठी वेलावरच राखावे, किती वर्षे ते उगवते, हे सारे आजीच्या जिभेवर असते आणि दुसरीकडे कोठेही नसते. आजी गेली की बी मडक्यात राहते. त्याची विद्या मात्र जाते. मग दोन पावसाळ्यांनंतर ते बीही उगवत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी गोळा करून त्यांची बँक उभारली. त्यांच्या या कार्याबद्दल भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्या शाळेत शिकलेल्या नाहीत, तरी कोणते बी कोणते, हे त्यांनी चोख सांभाळले. मग ज्यांस लिहितावाचता येते, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या एका घरातील चार बियांची नावे लिहून ठेवणे हे काही मोठे ओझे नव्हे.

या लेखी पुराव्याला कायद्यातही किंमत आहे. २०१६ साली बीडच्या सीताफळास व मराठवाड्याच्या केशर आंब्यास भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन मागताना त्या फळाचा त्या भूमीशी असलेला जुना संबंध पुराव्यानिशी दाखवावा लागतो. तसेच २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपण जतन केलेल्या वाणाची नोंदणी आपल्या नावे करता येते. आपल्या परसातील वांगे एवढी मजल गाठील की नाही, हे कोणास सांगता येणार नाही. परंतु ज्याची नोंदच नाही, ते मजल गाठणार नाही हे निश्चित.

एका मुलाच्या वहीचे मोल किती, अशी शंका कोणास येईल. आपल्या देशात 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात शाळकरी मुले ठरावीक झाड निवडून त्याची पालवी, फूल व फळ आठवड्यागणिक नोंदवितात. केरळात हा उपक्रम विशेष रुजला. तेथे विषूच्या सणास, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, बहाव्याची फुले लागतात. तो बहावा आता सणाच्या पुष्कळ आधीच फुलू लागला आहे, ही गोष्ट अशा नोंदींतून दिसून आली. ऋतुमान बदलत आहे असे सर्वच म्हणतात. मुलांनी ते तारखेसह दाखविले. वाशीच्या परसातील कडुलिंब केव्हा मोहरतो, हे दहा मुलांनी दहा वर्षे लिहिले, तर आपल्या भूमीविषयी आपल्याच हाताने लिहिलेला पुरावा तयार होईल.

आता दोन नियम सांगून हा लेख पुरा करतो. पहिला नियम सत्याचा. जे पाहिले तेच लिहावे. आठवडाभर वही उघडली नसेल, तर ते पान कोरे राहू द्यावे. आठवून, अंदाजाने भरू नये. कोरे पान कोणास फसवीत नाही, खोटी ओळ मात्र दहा वर्षांनंतरही फसविते. रोप मेले तर "मेले" असे लिहावे, आणि पाणी घालावयास विसरलो म्हणून मेले, हे ठाऊक असेल तर तेही लिहावे. शिक्षक ही वही गुणांसाठी तपासणार नाहीत; ती तपासणारे झाडच आहे. दुसरा नियम नियमिततेचा. रोज पानभर लिहिण्याची प्रतिज्ञा करणारा आठवड्यात थकतो. पाऊस रोज मोजावा; बाकीसाठी दर रविवारी पंधरा मिनिटे पुरेत.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, वहीस माती लागली म्हणून मुलांवर रागावू नये आणि मूल बियांविषयी विचारू लागले, तर "तुला काय करायचंय?" असे म्हणू नये. ज्यांना लिहिता येत नाही अशा आजीआजोबांनी सांगावे व नातवंडांनी लिहावे. ज्ञान एकाचे, अक्षर दुसऱ्याचे. आणि वही सर्व घराची. मृगाची वाट पाहण्याचेही कारण नाही. आज परसात जी झाडे उभी आहेत, त्यांचा नकाशा आजच काढता येईल, आणि आजी घरी असेल तर पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न तिलाच विचारता येईल: "आजी, हे झाड कोणी लावलं?"